अर्धशिशी घेऊन जगणे म्हणजे नेमके काय असते?

सड्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार. मी देवगड तालुक्यात राहतो. आंब्याची थोडी कलमे आहेत आणि घर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, अगदी कडेला आहे. आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली आणि त्यांतली निदान चौदा वर्षे माझ्या पत्नीला अर्धशिशी आहे हे मला माहीत होते. माहीत होते म्हणजे किती माहीत होते, याबद्दलच हा धागा आहे.

यंदाच्या चतुर्थीला मुंबईहून सगळी भावकी आली होती आणि दुपारच्या पंगतीला एकवीस पाने होती. सकाळी अकराच्या सुमारास मोदकांची उकड काढून झाल्यावर पत्नीने एकाएकी हात धुतले, कोणाशी काही न बोलता ती मागच्या काळोख्या खोलीत जाऊन पडली आणि संध्याकाळच्या आरतीलाही बाहेर आली नाही. आईने पाहुण्यांना सांगितले, "तिका काय एक झाला नाय, वायच निजली काय बरी होतली." मीही दाराशी जाऊन उभा राहिलो आणि "आजच कसे दुखायला लागले?" असे विचारले. तेव्हा ती काहीच बोलली नाही. पाहुणे परतल्यावर चार दिवसांनी, भांडी माळ्यावर चढवताना, तिने उत्तर दिले: "आजच दुखले असे नाही. आज चारचौघांत दुखले, म्हणून तुम्हाला दिसले."

त्यानंतर मी मागच्या महिन्याचा हिशेब करायला बसलो. तिचे दुखणे उठल्याचे मला तीन दिवस आठवत होते. तिने मोजले ते सात भरले. उरलेल्या चार दिवशी तिने भाकऱ्या भाजल्या होत्या, मुलांचे डबे भरले होते आणि बागेतल्या गड्यांना चहाही दिला होता. हे ऐकल्यापासून माझी झोप नीट लागत नाही.

मला औषधांची यादी नको आहे, त्यासाठी डॉक्टर आहेत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी, किंवा ज्यांनी तो जवळून पाहिला आहे त्यांनी, तो आतून कसा असतो आणि घरातल्या माणसाच्या लक्षात सहसा काय येत नाही, हे लिहावे ही विनंती.

तिन्हीसांज

दादा, मी मालवणची आहे आणि बावीस वर्षे हे दुखणे सांभाळते आहे. आपण विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे दुखणे उठते त्याच्या आदल्या दिवशीच ते सुरू झालेले असते, फक्त तेव्हा डोके दुखत नसते. मला जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, वारंवार लघवीला जावे लागते आणि गोड खावेसे वाटते. घरातले म्हणतात, आज हिचे तंत्र बिघडलेले दिसते. मी त्या दिवशी मुलांवर ओरडते, ते मला कळत असते आणि थांबवता येत नाही.

मग डोळ्यांचा खेळ होतो. तो प्रत्येक वेळी होत नाही, पण होतो तेव्हा आधी नजरेच्या मधोमध वालाच्या दाण्याएवढा एक डाग येतो. दुपारी खाडीच्या पाण्यावर ऊन नाचते तसा तो लखलखतो, त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी असते आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो पसरत पसरत एका बाजूने बाहेर निघून जातो. त्याच्या आत जे येते ते दिसत नाही. एकदा एसटी स्थानकावर मी गाडीची पाटी वाचत होते, तेव्हा 'सावंतवाडी'तले 'सावंत' नाहीसे होऊन नुसती 'वाडी' उरली होती. डोळे मिटले तरी तो डाग असतोच, त्यामुळे डोळे चोळून उपयोग नसतो. पहिल्यांदा हे झाले तेव्हा मला वाटले होते की आपण आंधळ्या होणार. हल्ली मी शांतपणे घड्याळ पाहते, कारण आता अर्ध्या-पाऊण तासात काय येणार आहे हे मला ठाऊक असते.

दुखण्याबद्दल लोक विचारतात की किती दुखते. ठणका तर असतोच, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डाव्या भुवईवर घण पडल्यासारखे होते. पण माझ्यापुरते सांगायचे तर दुखण्यापेक्षाही सगळे जग अंगावर येते हे अधिक वाईट असते. मोरीत कोणी तांब्या ठेवला तरी तो आवाज दातांत जातो. फोडणी, सुकट, अगरबत्ती, शेजारच्या अंगणात पेटवलेला पातेरा (वाळका पालापाचोळा), यांतले कोणतेही एक पुरते. एक पायरी उतरले तरी डोक्यात घागरीतले पाणी हेंदकळल्यासारखे होते, म्हणून मी उठून पाणीसुद्धा घेत नाही. उलटी झाली की थोडे बरे वाटते आणि मग त्या उलटीचीच वाट पाहत पडून राहायचे.

ठणका ओसरतो तेव्हा सगळ्यांना वाटते, झाले, उठली. दुसरा दिवस मात्र मी कापूस भरल्यासारखी वावरते. मिठाचा डबा हातात घेऊन मीठ शोधते.

आणि जे कोणालाच दिसत नाही ते मधल्या दिवसांत घडते. लग्नाची पत्रिका आली की मी आधी मुहूर्त पाहते, मग पाळीची तारीख पाहते, मांडव उन्हात असेल का, बँड असेल का, जेवायला तीन तर वाजणार नाहीत ना, याचा हिशेब करते आणि तरीही "येते" असे सांगताना मनात धाकधूक असतेच. बावीस वर्षांत मी किती जणांना आयत्या वेळी नाही म्हटले असेल याची गणती नाही. आता काही घरांतून आमंत्रण येत नाही. त्यांचा राग नाही, पण कळते.

दवाखान्याबाहेर

मी निवृत्त डॉक्टर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवला. मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो.

धागाकर्त्यांनी औषधे नकोत असे म्हटले आहे, म्हणून आधी आजाराबद्दल लिहितो. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे आणि डोके दुखणे हा त्याचा एक भाग आहे. निदान रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवरूनच करायचे असते. उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारे, बहुधा एका बाजूचे, ठणकणारे, चालण्याउठण्याने वाढणारे दुखणे, त्याच्या जोडीला मळमळ वा उलटी, किंवा उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे होणे, आणि असे निदान पाच झटके येऊन गेलेले असणे, अशी साधारण कसोटी आहे. रक्ताच्या तपासणीत हे सापडत नाही आणि एमआरआयमध्येही बहुधा काही दिसत नाही. दवाखान्यात उच्चारलेले 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य घरी पोचेपर्यंत 'हिला काही झालेले नाही' असे होते, आणि यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे.

तिन्हीसांजताईंनी ज्या करवती कडेचे इतके नेमके वर्णन केले आहे तिला ऑरा म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांना ती अनुभवाला येते. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच तसे दिसत असे. त्याने त्या आकृत्या वेळ लावून कागदावर उतरवल्या आणि १९४१ मध्ये असा हिशेब मांडला की ही गडबड मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असली पाहिजे. पुढे १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआँव यांनी सशाच्या मेंदूवर तशीच संथ पसरणारी लाट प्रत्यक्ष नोंदवली. लाट जिथून जाते तिथल्या पेशी आधी उद्दीपित होतात आणि मग काही काळ गप्प बसतात. लखलखाट आधी आणि आंधळा डाग त्याच्या मागे, हा क्रम त्यामुळेच लागतो. ठणका येतो तो मेंदूच्या आवरणांतून संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या वाटेने, आणि त्यात सीजीआरपी नावाच्या पेप्टाइडचा मोठा वाटा असतो. ही वाट उलगडणाऱ्या चौघा संशोधकांना मेंदूसंशोधनासाठी दिले जाणारे ब्रेन प्राइझ २०२१ मध्ये मिळाले.

हा आजार विरळा नाही. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना तो आहे आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १८ ते ६५ वयाच्या चार माणसांपैकी साधारण एकाला वर्षभरात अर्धशिशी झाल्याचे आढळले. तुमच्या एकवीस पानांपैकी आणखी दोन-तीन पानांवर हे दुखणे बसलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता 'आजच कसे दुखले' या तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका असते. वहिनींनी निर्जळी उपवास केला असेल, रात्री जागरण झाले असेल, पहाटे सगळ्यांच्या आधी त्या उठल्या असतील, मग चुलीचा धूर, धुपाचा वास, झांजांचा आवाज, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसवत नाही. उपास, अपुरी झोप, पाणी कमी पडणे, यांतले एकेक कदाचित निभावले असते. सगळे चोवीस तासांत एकावर एक रचले गेल्यावर अकरा वाजता त्या आडव्या झाल्या याचे मला आश्चर्य वाटत नाही, अकरापर्यंत उभ्या राहिल्या याचे वाटते.

यात आणखी एक गोष्ट असते आणि ती पुरुषांना बहुधा सांगितलीच जात नाही. सणात अडचण नको म्हणून आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेतात. पाळीच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरते तेव्हा अर्धशिशी उठण्याचा संभव वाढतोच, त्यामुळे संप्रेरकांशी असा खेळ डॉक्टरांना न विचारता करू नये. विशेषतः ज्यांना ऑरा दिसते त्यांनी कोणतीही संप्रेरकाची गोळी घेण्यापूर्वी ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण त्यांच्यात इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

पारावरचा

सर्वांचा मान राखून लिहितो. आमची आजी लावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभी राहायची, तिला कधी अर्धशिशी झाल्याचे ऐकले नाही. सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायचा, वर फडके करकचून बांधायचे आणि कामाला लागायचे. हल्ली प्रत्येक दुखण्याला नाव मिळाले आहे आणि नाव मिळाले की माणूस आडवा होतो, असे मला वाटते. चूकभूल द्यावी घ्यावी.

मागीलदार

पारावरचे काका, आपल्या आजीने सुंठीचा लेप लावून फडके करकचून बांधले होते असे आपणच लिहिले आहे. ते कशासाठी बांधले होते?

माझ्या आजीचे सांगते. ती महिन्यातून दोन-तीनदा दिवसभर कोणाशी बोलत नसे, माजघराची खिडकी लावून घेई आणि मुले जवळ गेली की हात उगारी. आम्ही तिला 'तापट आजी' म्हणूनच ओळखत होतो आणि तिच्या बाराव्याला जमलेल्यांनीही तिच्या रागाच्याच गोष्टी सांगितल्या. मला स्वतःला पस्तिसाव्या वर्षी निदान झाल्यावर मी आईला तिच्याबद्दल विचारले. तेव्हा आई म्हणाली की त्या दिवसांत ती परसात जाऊन ओकायची आणि वरून राख टाकायची. घरात फक्त आईला हे माहीत होते.

आजाराला जुने नाव नव्हते असेही नाही. आयुर्वेदात अर्धावभेदक आहे, सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्त आहे, आणि सूर्योदयापूर्वी दुधाबरोबर जिलबी खाण्याचा उपाय तर घरोघर ठाऊक आहे. (माझ्यावर तोही झाला आहे. दुखणे गेले नाही, पण चार दिवस जिलबी मिळाली.) दृष्ट काढून झाली, देवाला गाऱ्हाणे घालून झाले. मी कशालाच नाही म्हटले नाही, कारण मीठमिरच्या ओवाळणारी सासू निदान मला काहीतरी होते आहे हे मानत होती.

एक अनुभव मुद्दाम लिहिते, कारण त्यावर माझे फार हसे झाले होते. मी डोक्यावरून न्हायले की हमखास माझे दुखणे उठते. पावसाळ्यात केस दोन-दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा तर नक्कीच. 'न्हायचा कंटाळा' अशी त्याची घरात थट्टा होई. पुढे कळले की मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी नेमक्या याच तक्रारीच्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहेत. तो मजकूर मी यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी केस वाळवायचे यंत्र आणले.

पारावरचा

मागीलदार ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. मी आत्याला फोन करून विचारतो.

रापण

मी तांडेल आहे, म्हणजे मासेमारीची बोट चालवतो, हर्णैला असतो. हा बायकांचा आजार आहे असे समजले जाते, म्हणून मी दहा वर्षे कोणाला सांगितला नव्हता. बोटीवर त्याची चेष्टा होणार हे नक्की होते आणि झालीही.

एकदा पहाटे बंदरात शिरताना माझ्या डाव्या बाजूचे सगळे दिवे दिसेनासे झाले. दिवे विझले असे मला वाटले, म्हणून मान फिरवून पाहिले तर ते होते, पण नजर समोर धरली की डावीकडचा किनारा पुसल्यासारखा होई. मी सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिले आणि पोटात कळ आल्याचे सांगून खाली बसलो. अर्ध्या तासाने दिसू लागले आणि मग डोके असे फुटायला लागले की बर्फाच्या खणावर कपाळ टेकून पडून राहिलो. तेव्हापासून बोटीवर आणखी एकाला सुकाणू सोपवता येईल अशी व्यवस्था मी कायम ठेवतो. कारण विचारले तर वय झाले असे सांगतो.

एक गोष्ट मला समजत नाही. समुद्रावरचा झगझगाट, इंजिनाची धडधड, डिझेलचा वास आणि रात्रीची मोडलेली झोप एवढे सोसून हंगामात मी बऱ्यापैकी निभावतो. १ जूनला मासेमारीबंदी लागली, बोट वर ओढली आणि आता दोन महिने आराम असे म्हटले की पहिल्याच आठवड्यात दुखणे हटकून उठते. असे का व्हावे?

दवाखान्याबाहेर

रापण, हे अनेकांना होते. नोकरदारांना ते सुट्टीच्या दिवशी होते. ताण असताना नव्हे, तो उतरताना दुखणे उठते. त्यात झोपेची वेळ एकदम बदललेली असते, आणि बोटीवर दिवसाला सहा वेळा मिळणारा चहा घरी दोनदा मिळत असेल तर तेही एक कारण आहे. बंदी लागली तरी पहिले पंधरा दिवस उठण्याच्या, जेवणाच्या आणि चहाच्या वेळा फार हलू देऊ नका. आणि नजर अर्धी जाण्याचा प्रकार एकदा प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवून घ्या, धाग्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

मुळाक्षरे

प्राथमिक शाळेत शिकवते. लहान मुलांबद्दल थोडेसे. दुसरीतला एक मुलगा महिन्यातून एकदा पांढराफटक पडायचा, बाकावर डोके ठेवायचा, उलटी करायचा आणि दोन-तीन तासांनी मैदानावर पळत असायचा. त्यामुळे तो गणिताच्या तासाला नाटक करतो असा माझाच समज झाला होता. त्याच्या आईला हाच त्रास असल्याचे पालकसभेत कळले आणि मग त्याचेही निदान झाले. मुलांमध्ये झटका थोडक्या वेळाचा असू शकतो आणि दुखणे बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असते हे मला ठाऊक नव्हते. आता ग्रंथालयाच्या खोलीत एक सतरंजी ठेवली आहे. त्या मुलाची क्षमा मी मागितली, पण त्याला ते काही समजले नाही, तो खेळायला गेला.

खाडीपलीकडे

धागाकर्त्यांनी औषधांविषयी विचारलेले नाही, तरी एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते, कारण मी त्यात तीन वर्षे घालवली आहेत. दुखणे उठेल या भीतीनेच मी गोळी घेऊ लागले. आधी आठवड्यातून दोन, मग महिन्यातून वीस-बावीस दिवस. वाडीतल्या दुकानदाराला नाव सांगावे लागत नसे, मला पाहताच तो पाकीट काढून ठेवी. डोके रोज दुखायचे म्हणून मी रोज गोळी घ्यायची आणि रोज गोळी घ्यायची म्हणून डोके रोज दुखायचे, हे मला ज्या डॉक्टरांनी समजावले त्यांच्यावर मी आधी चिडले होते. गोळी बंद केल्यावरचे तीन आठवडे मी कोणावर येऊ नयेत असे म्हणेन. त्यानंतर दुखणे महिन्यातून पाच दिवसांवर आले. गेले नाही, पाचावर आले, आणि मला ती श्रीमंती वाटते.

दवाखान्याबाहेर

खाडीपलीकडे यांनी लिहिले ते सर्वांनी लक्षात घ्यावे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यात घ्यायची खास गोळी) किंवा मिश्र घटकांच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर औषधच डोकेदुखी निर्माण करू लागते.

विषय निघालाच आहे तर थोडक्यात सांगतो. झटक्यात घ्यायची गोळी लवकर घ्यावी, 'बघू या, सहन होते का' असे करत थांबू नये, कारण झटक्यात पोटाचे काम मंदावते आणि उशिरा घेतलेली गोळी नुसती पडून राहते. म्हणूनच डॉक्टर जोडीला मळमळीचे औषध देतात. ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना चालत नाही. झटके वारंवार येत असतील तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात. ती दोन-तीन महिने घेतल्यावाचून गुण कळत नाही आणि झटके निम्म्यावर आले तरी ते यश मानतात. त्यांतले प्रोप्रानोलॉल दम्याच्या रुग्णाला देत नाहीत, व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून शेजारणीची चिठ्ठी वापरू नये. डोकेदुखी क्षणार्धात कमाल तीव्रतेला गेली, ताप येऊन मान ताठरली, हातापायातली शक्ती गेली, बोबडी वळली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, तर अर्धशिशी समजून घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आणि धागाकर्ते, एक राहिले. आदल्या दिवशी गोड खाल्ले म्हणून दुखणे उठले, असे तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर ते पुष्कळदा उलटे असते. दुखणे आतून सुरू झालेले असते म्हणून गोड खावेसे वाटते. स्त्रियांना यावरून फार बोल लावले जातात.

पारावरचा

आत्याशी बोललो. आजीला होते. लावणीच्या दिवसांत ती बांधावर पदर डोक्यावरून ओढून बसायची, आणि तिच्या वाटणीची रोपे आत्या लावायची. मी आधी लिहिलेले मागे घेतो.

सड्यावरचा (धागाकर्ता)

जवळजवळ वर्षाने लिहितो आहे. या धाग्यातला बराचसा मजकूर मी पत्नीला वाचून दाखवला होता. तिन्हीसांजताईंचे लिहिणे ऐकताना तिने 'वाडी'पाशी मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. सोळा वर्षांत मी तिला डोळ्यांपुढे काय दिसते हे विचारलेले नव्हते. तिचा डाग उजवीकडून येतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुखण्याच्या दिवशी काळा ठिपका देते आणि गोळी घेतली तर त्याभोवती गोल करते. पहिल्या तीन महिन्यांत बावीस ठिपके झाले. कोल्हापूरला दाखवावे असे माझ्या मनात होते, पण फोंडा घाट असो की गगनबावडा, तिचे दुखणे निम्म्या वळणांतच उठते, म्हणून आम्ही गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला वीस मिनिटे बोलू दिले. मी दोनदा मध्ये बोलायला गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी हाताने थांबवले. रोजची गोळी सुरू झाली. पहिल्या महिन्यात तिला नुसती झोप येत होती आणि गुण काही नव्हता. आंब्याच्या हंगामात, म्हणजे एप्रिलमध्ये, अकरा ठिपके झाले. तेव्हा ती गोळी सोडायला निघाली होती. पेट्या भरायला ती उन्हात बसणार नाही एवढे मी ठरवून टाकले होते, पण आढीतल्या पिकत्या आंब्याचा वास घरभर असतो आणि त्याला आमच्यापाशी उपाय नाही. मे महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली. ऑगस्टमध्ये चार ठिपके आहेत.

यंदा हरतालिकेला तिने फळे आणि पाणी घेतले. आईने नाक मुरडले, पण शहाळे फोडून तिनेच दिले. नैवेद्याआधी पत्नीला पेजेची वाटी द्यायची हे ठरलेले होते. चतुर्थीचा दिवस पार पडला. दुखणे उठले ते गौरीच्या दिवशी दुपारी, आणि एवढे सांभाळूनही उठले याचा मला आधी रागच आला. कोणावर, ते सांगता येणार नाही. मी खिडकीला घोंगडी लावली, बालदी आणि पाणी ठेवले आणि काही न विचारता बाहेर आलो.

संध्याकाळी भजनाची मंडळी टाळ-मृदंग घेऊन ओटीवर चढू लागली, तेव्हा आई काठी टेकत पुढे झाली. "खळ्यात बसा आज," ती म्हणाली, "आत सुनेचा डोक्या दुखता हा." बुवांनी विचारले, फार दुखते काय. आई म्हणाली, "ता तिका इचारूचा नाय." मंडळी खळ्यात बसली आणि पाऊस आल्यावर मांगरात, म्हणजे आवारातल्या छपरात, गेली. भजन मांगरातूनही ऐकू येत होते, पण त्यातला मृदंग घरापर्यंत पोचत नव्हता.

येत्या सोमवारी पुन्हा बांबोळीची तारीख आहे. सकाळच्या उन्हात गाडीच्या पुढच्या काचेवरून येणारा झगझगाट तिला सोसत नाही. यावर कोणी काही सोय केली असेल तर सांगावे.

तिन्हीसांज

दादा, पहाटे पाचला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. गाडीत वहिनींना चालकाच्या मागच्या जागेवर बसवा, त्या बाजूच्या खिडकीला ओला टॉवेल अडकवा आणि निघताना दोन घास भात पोटात जाऊ द्या. सुवासिक काडी गाडीत लटकत असेल तर ती आदल्या रात्रीच काढून ठेवा. वास जायला वेळ लागतो.